'द मार्शियन': "आवडली, पण…" म्हणणाऱ्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

अँडी वेअरची 'द मार्शियन' वाचून खाली ठेवली की पुष्कळांच्या तोंडून "आवडली, पण…" एवढंच निघतं. त्या 'पण'च्या पुढे जे येतं, त्याची उत्तरं इथे आहेत. पहिल्या तीन प्रश्नांनंतर कथानक उघड होतं, शेवटासकट. कादंबरी अजून वाचायची असेल तर तिथेच थांबा आणि वाचून झाल्यावर परत या.

प्र. ही 'हार्ड सायफाय' म्हणजे नेमकं काय?

ज्या विज्ञानकथेत निसर्गाचे नियम लेखकाला सोयीनुसार वाकवता येत नाहीत, ती. इथे मार्क वॉटनी हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि यांत्रिक अभियंता मंगळावर एकटा मागे राहतो. सहा जणांची मोहीम सहाव्या 'सोल'ला, म्हणजे मंगळाच्या सहाव्या दिवशी, वादळामुळे गुंडाळावी लागते आणि बाकीचे पाच जण तो मेला असं समजून निघून जातात. सोल २४ तास ३९ मिनिटांचा असतो. पुढचं यान चार वर्षांनी येणार, तेही ३,२०० किलोमीटर लांब. जेवण पुरवून पुरवून खाल्लं तर ४०० दिवसांचं. इथून पुढे जे घडतं त्यातलं बहुतेक सगळं तुम्ही कागदावर पडताळून पाहू शकता. या प्रकाराची खरी गंमत पडताळण्यातच आहे, आणि वाचकांची नाराजीही बरीचशी तिथूनच येते.

प्र. गणितं आली की मी पानं उलटतो. चालेल का?

गोष्ट समजेल, पण कादंबरीचा निम्मा जीव तुमच्या हातून निसटेल. त्यापेक्षा एक करा. एक पाठकोरा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा: पाणी, ऑक्सिजन, अन्न, वीज. पुस्तकात आकडा आला की तो त्या रकान्यात टाका, जुना खोडा. रसायनशास्त्र आठवत नसलं तरी बिघडत नाही. शंभर पानांनंतर तुम्हाला वॉटनीच्या आधी कळायला लागतं की आता काय कमी पडणार आहे. ती हुरहुर नुसतं वाचून येत नाही.

प्र. आठवी-नववीतल्या मुलांना द्यावी का?

विषय म्हणून जरूर द्यावी. मात्र पहिल्याच वाक्यात शिवी आहे आणि पुढेही त्या भरपूर आहेत. शाळांसाठी शिव्या गाळलेली 'क्लासरूम एडिशन' इंग्रजीत निघालेली आहे, ती घ्या. इंग्रजी सोपं आहे. वाक्यं छोटी, बोलल्यासारखी. अडतात ते सुरुवातीला येणारे हॅब, एमएव्ही, एमडीव्ही, ईव्हीए असे संक्षेप. हॅब म्हणजे राहण्याचा तंबू, एमएव्ही म्हणजे मंगळावरून वर उडणारं यान, एमडीव्ही म्हणजे खाली उतरलेलं यान, ईव्हीए म्हणजे अवकाशपोशाख घालून बाहेर जाणं. एवढे चार पहिल्या पानावर लिहून दिले तरी मुलं पुढे अडत नाहीत.

प्र. सुरुवातीचं वादळ खरंच शक्य आहे का?

नाही. संपूर्ण कादंबरीतली सगळ्यात मोठी वैज्ञानिक चूक हीच आहे आणि ती लेखकाने जाणूनबुजून केलेली आहे. त्याने तसं जाहीरपणे कबूलही केलं आहे. पहिला घाव निसर्गाने घालावा असं त्याला हवं होतं.

हिशेब असा. पुस्तकात वाऱ्याचा वेग ताशी १७५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ४८.६ मीटर. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. मंगळावर घनमीटरभर हवेचं वजन सुमारे २० ग्रॅम भरतं, पृथ्वीवर समुद्रसपाटीला सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे साठपट फरक. साठाचं वर्गमूळ पावणेआठ. १७५ ला त्याने भागलं की येतात २२. मंगळावरचं हे वादळ अंगाला ताशी २२ किलोमीटरच्या वाऱ्यासारखं लागेल. त्याने पतंग उडेल, यान कलंडणार नाही आणि अँटेना माणसाच्या पोटात घुसणार नाही.

मंगळाच्या वादळाचा खरा धोका अंधाराचा आहे. २०१८ मध्ये धुळीने सगळा ग्रह झाकला गेला, सौर तावदानांना ऊन मिळेना, आणि १० जूननंतर नासाच्या ऑपॉर्च्युनिटी या स्वयंचलित बग्गीकडून पुन्हा काही ऐकू आलं नाही. हे कादंबरीच्या शेवटच्या भागात अगदी बरोबर आलं आहे. तिथे वॉटनीला वादळ दिसत नाही, वाराही जाणवत नाही; वीज रोज थोडी थोडी कमी जमा होते, एवढंच. सुरुवातीचं वादळ खटकलं असेल तर ही पानं पुन्हा वाचा. त्याच लेखकाने तोच विषय कसा नीट हाताळला आहे ते दिसेल.

प्र. हायड्राझिनपासून पाणी करण्याचा हिशेब बरोबर आहे का?

पद्धत बरोबर आहे. एक आकडा चुकला आहे, आणि गंमत म्हणजे तो चुकूनही गोष्ट टिकते.

पद्धत अशी. तंबूत बटाटे पिकवायला वॉटनीला पाणी हवं असतं. हायड्राझिन हे यानाचं इंधन. ते इरिडियमच्या उत्प्रेरकावरून सोडलं की त्याचा नायट्रोजन आणि हायड्रोजन होतो. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी.

आता पेन्सिल घ्या. हायड्राझिनच्या रेणूत दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. ३२ ग्रॅम हायड्राझिनमध्ये हायड्रोजन ४ ग्रॅम, त्याचं पाणी होतं ३६ ग्रॅम. हायड्राझिनची घनता जवळजवळ पाण्याइतकीच, म्हणून एक लिटरमागे साधारण १.१ लिटर पाणी. पुस्तक मात्र एका लिटरला दोन लिटर धरतं आणि २९२ लिटर हायड्राझिनमधून जवळजवळ ६०० लिटर पाणी निघेल असं सांगतं. प्रत्यक्षात ३३० च्या आसपास निघेल.

मग शेती फसली का? त्याच्याच आकड्यांनी पाहू. शेत १२६ चौरस मीटर, माती १० सेंटिमीटर खोल, म्हणजे १२.६ घनमीटर. घनमीटरला ४० लिटर पाणी, एकूण ५०४ लिटर. त्याच्याकडे पाणी ३०० लिटर. प्यायला ५० ठेवून २५० शेताला. तूट राहते २५४ लिटरची. ३३० मधून ती भरून निघते. चूक सापडली म्हणून कादंबरी मोडीत काढणाऱ्यांनी इथवर हिशेब करायला हवा.

जास्त गंभीर गोष्टी तीन आहेत. पहिली उष्णता. २५४ लिटर पाणी या मार्गाने करताना सुमारे १,२०० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. दहा दिवसांत काम उरकलं तर अडीच गीझर बंद तंबूत रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. दुसरी, हायड्राझिन फुटताना आधी अमोनियाही तयार होतो. तो पूर्ण मोडला नाही तर डोळे आणि फुप्फुसं गेली. तिसरी, ऑक्सिजन. एवढ्या पाण्याला २२६ किलो ऑक्सिजन लागतो, तो कार्बन डायऑक्साइडमधून काढायचा. पर्सिव्हिअरन्स बग्गीवरच्या मॉक्सी या टोस्टरएवढ्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये मंगळावर हेच करून दाखवलं: एकूण १२२ ग्रॅम, तासाला जास्तीत जास्त १२ ग्रॅम. त्या वेगाने २२६ किलोला दोन वर्षांहून जास्त लागतील. वॉटनीकडचं यंत्र त्याहून पुष्कळ मोठं आहे असं मानावंच लागतं.

प्र. मग स्फोट कशाने झाला? तो भाग नीट कळला नाही.

जळून न गेलेला हायड्रोजन तंबूत साठत गेला, ६४ टक्क्यांपर्यंत. ऑक्सिजन असेल तर तो पेटतो, म्हणून वॉटनी हवेतला ऑक्सिजन काढून टाकतो, स्वतः मास्क लावतो आणि हायड्रोजन थोडा थोडा जाळत राहतो. इथपर्यंत चोख. विसरला काय, तर उच्छ्वास. आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी थोडाच वापरतो, उरलेला परत बाहेर सोडतो. मास्कमधून तो तंबूत जमत गेला आणि भडका उडाला. चूक त्याच्या नाकाखाली होती. या प्रकारच्या लेखनात अपघात कसा रचावा याचा हा नमुना आहे: कारण आधीपासून वाचकासमोर असतं, फक्त कुणी मोजलेलं नसतं.

प्र. बटाटे मंगळाच्या मातीत उगवतील?

लागवडीची पद्धत कुठल्याही बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. बारा बटाटे, प्रत्येकाचे चार तुकडे, तुकड्याला निदान दोन डोळे. बेणं कापून लावतात ते असंच. कापलेली बाजू आधी सुकू देतात, नाहीतर बेणं सडतं.

अडचणी अशा:

बटाटे जिवंत का होते? अवकाशात जाणारं अन्न टिकावं म्हणून सहसा त्यावर प्रक्रिया होते. आपल्याकडे लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करतात तो त्याला कोंब येऊ नये म्हणूनच. तसे बटाटे असते तर कादंबरी ४०० व्या दिवशी संपली असती. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणासाठी कच्चे बटाटे पाठवले होते, ही लेखकाने करून घेतलेली सोय आहे. एका कादंबरीत अशी एखादी सोय माफ करायला हरकत नाही.

दुसरी अडचण उजेडाची. तिच्याबद्दल पुस्तक फार बोलत नाही, आणि आमच्या मते पूर्ण शेतीतला सर्वात कच्चा दुवा हाच. तंबूच्या आत झाडं वाढवायला चांगले एलईडी दिवेही चौरस मीटरला १०० वॉटच्या खाली चालत नाहीत. १२६ चौरस मीटरला १२.६ किलोवॉट, रोज बारा तास, म्हणजे दिवसाला दीडशे युनिट. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के. कार्यक्षम तावदानं धरली तरी दीड-पावणेदोनशे चौरस मीटर नुसत्या दिव्यांसाठी हवीत.

तिसरी, पोट. १०० ग्रॅम बटाट्यात ७७ कॅलरी. दिवसाला १,५०० कॅलरी हव्या तर दोन किलो बटाटे. रोज. प्रथिनं आणि जीवनसत्त्वं उरलेल्या शिध्यातून आणि गोळ्यांतून.

प्र. मंगळाच्या मातीत विष असतं म्हणे. ते पुस्तकात का नाही?

त्याचं नाव परक्लोरेट. मंगळावर उतरलेल्या फीनिक्स यानाला ते २००८ मध्ये सापडलं, मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का. कमी वाटतं, पण १२.६ घनमीटर माती सतरा-अठरा टन भरते, म्हणजे जवळपास ९० किलो परक्लोरेट. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे माती धुऊन काढता येते. लेखकाने नंतर हाच उपाय सांगितला. मात्र धुण्याला लागणारं पाणी वॉटनीकडे नव्हतं. ते पुन्हा पुन्हा गाळून वापरावं लागलं असतं आणि लागवड लांबली असती.

प्र. किरणोत्सर्गाने तो मेला कसा नाही?

लगेच मरण्याइतका डोस तो नाही. क्युरिऑसिटी बग्गीने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट मोजले. वॉटनी ५४९ सोल राहिला, तेवढ्यात होतात ३७५ च्या आसपास, आणि प्रवासाचे वेगळे. पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, पण उलट्या होऊन माणूस आडवा पडत नाही. मात्र तंबूचं पातळ कापडच सगळं अडवतं हे पटण्याजोगं नाही.

प्र. पाथफाइंडरच्या कॅमेऱ्यावरून संदेश कसा येतो?

नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावरच्या एरीझ व्हॅलिसमध्ये उतरलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर गप्प झालं. वॉटनी ते उकरून आणतो. त्याचा कॅमेरा गोल फिरू शकतो, बाकी काही नाही. भोवती २६ अक्षरांच्या पाट्या लावल्या तर दोन पाट्यांत जेमतेम १४ अंश उरतात आणि कॅमेरा कुठे बघतोय ते ओळखू येत नाही. म्हणून तो सोळा अंकी पद्धतीच्या (० ते ९ आणि A ते F) पाट्या लावतो, त्यांच्यात पुरेसं अंतर राहतं. संगणकात प्रत्येक इंग्रजी अक्षराला या पद्धतीत दोन अंकांचा आकडा असतो. कॅमेऱ्याच्या दोन वळणांत एक इंग्रजी अक्षर.

हे देवनागरीत करून पाहा. 'क'चा युनिकोड, म्हणजे संगणकातला त्याचा आकडा, ०९१५, म्हणजे एका अक्षराला चार वळणं. 'ठीक' एवढं सांगायला ठ, दीर्घ वेलांटी आणि क मिळून बारा. पहिले दोन अंक नेहमी ०९ च असणार हे आधी ठरवून घेतलं की सहावर येतं. वर्गात मुलांना गोल बसवून हा खेळ घ्या, तासाभरात सोळा अंकी पद्धत डोक्यात बसते.

प्र. विज्ञान पटलं, पण माणसं कागदी वाटली. माझंच चुकतंय का?

तुमचं बरोबर आहे. या कादंबरीवरचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच.

वॉटनी दीड वर्ष एकटा असतो आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच सुरात बोलतो. संकट, शिवी, विनोद, उपाय. रोजनिशी नासा वाचेल म्हणून तो हसतमुख राहतो असा बचाव केला जातो. तो थोडा पटतो. तरीही रात्री झोप न लागणं, आवाज हरवणं, एखाद्या दिवशी काहीच न लिहिणं, याला जागा करता आली असती. पृथ्वीवरची माणसं तर आणखी सपाट आहेत. नासाच्या जॉन्सन केंद्रातला अधिकारी आणि जेट प्रॉपल्शन लॅबचा प्रमुख यांचे संवाद अदलाबदल केले तर पटकन कळणार नाही.

पण एक उतारा शोधून वाचा. ११९ व्या सोलला तंबू फाटतो त्याआधी कादंबरी अचानक वॉटनीला सोडते आणि त्या कापडाची हकीकत सांगू लागते: ते कारखान्यात कसं विणलं, कुठे एक धागा किंचित कमकुवत राहिला, घडी कशी पडली, मंगळावर एकाच हवाबंद दारातून रोज ये-जा झाल्याने दर वेळी तिथे ताण कसा बसत गेला. माणूस नसलेली ही पानं पुस्तकातली सगळ्यात हळवी पानं आहेत. लेखकाला वस्तूंचं दुःख दिसतं, माणसांचं तितकं दिसत नाही.

प्र. एक संकट सुटलं की दुसरं. कंटाळा येतो.

याचं कारण पुस्तक कसं लिहिलं गेलं त्यात आहे. वेअरने २००९ पासून एकेक प्रकरण आपल्या संकेतस्थळावर टाकलं, २०११ मध्ये स्वतःच ई-पुस्तक काढलं आणि छापील आवृत्ती मोठ्या प्रकाशकाकडून २०१४ मध्ये आली. मासिकातल्या क्रमशः कादंबरीसारखं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्सुकता ताणून ठेवावी लागली. याच पद्धतीमुळे वाचक, त्यात रसायनशास्त्रज्ञही, चुका कळवत गेले आणि विज्ञान घट्ट झालं. म्हणून एका बैठकीत संपवू नका. दिवसाला दोन प्रकरणं वाचा. सहाव्या प्रकरणात नासाची माणसं येईपर्यंत तरी धीर धरा, तिथे चाल बदलते.

संकटांतही दोन जाती आहेत. घाईत तपासण्या वगळल्यामुळे वॉटनीसाठी पृथ्वीवरून सोडलेलं शिध्याचं यान पडतं, खाण्याच्या वड्या दाबाने आणि हादऱ्यांनी पातळ होऊन एका बाजूला सरकतात. हे संकट निर्णयातून आलेलं, म्हणून खोल लागतं. वॉटनीची बग्गी उलटणं नुसतं घडतं, आणि विसरलं जातं.

प्र. व्यंकट कपूर हे काय नाव झालं?

नासातल्या या अधिकाऱ्याचं नाव आपल्याला खटकतंच. व्यंकट दक्षिणेकडचं, कपूर पंजाबी. आईवडील दोन प्रांतांतले असतील असं धरून चाला, पुस्तक खुलासा करत नाही. २०१५ च्या चित्रपटात तो व्हिन्सेंट कपूर झाला.

प्र. चित्रपट पाहिलाय, मग पुस्तक कशाला?

पुस्तकात ड्रिलच्या शॉर्टसर्किटने पाथफाइंडर जळतं आणि वॉटनीचा पृथ्वीशी बोलायचा मार्ग तुटतो. ३,२०० किलोमीटरचा प्रवास तो कुणाच्याही सल्ल्याशिवाय करतो, धुळीचं वादळ एकटाच ओळखतो, बग्गी उलटवतो आणि सरळही करतो. चित्रपटात हे नाही. उलट शेवटच्या सुटकेत अवकाशपोशाखाच्या हातमोज्याला भोक पाडून उडत जाणं चित्रपटात घडतं. पुस्तकात तो ते सुचवतो आणि कमांडर लुईस नाही म्हणते. तिथे त्याला आणायला मोहिमेतला सहकारी बेक जातो. पुस्तकाचा शेवट जास्त खरा आहे.

प्र. विज्ञान हवं आणि माणसंही हवीत, असं मराठीत काय वाचू?

जयंत नारळीकरांकडे जा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी नाव बदलून पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेपासून सुरुवात करा, मग 'यक्षांची देणगी' हा संग्रह, मग 'वामन परत न आला'. तिथे आकडे कमी मिळतील. शोध लागल्यावर माणसं एकमेकांशी कशी वागतात, ते मात्र जास्त सापडेल. वर सांगितलेला चार रकान्यांचा कागद 'द मार्शियन'मध्येच घडी करून ठेवा. दुसऱ्यांदा वाचताना आपण कुठे कुठे चुकीचा अंदाज केला होता ते त्यावर दिसतं.